दोन व्याही, दोन मशिनी

आमच्या धंद्यात तक्रार घेऊन पेशंट कधीच येत नाही, त्याची बायको येते. पेशंट तिच्या मागे उभा असतो, हातात हेल्मेट आणि चेहऱ्यावर 'मला उगाच आणलंय' असा भाव. "हे फार घोरतात," बायको सांगते. "मी घोरत नाही," नवरा सांगतो. आणि दोघंही मनापासून खरं बोलत असतात, कारण घोरणाऱ्यानं स्वतःचं घोरणं कधी ऐकलेलंच नसतं!

मी सुलभा वानखेडे, घाटकोपरची. आधी एका हॉस्पिटलात झोपेची तपासणी करणारी टेक्निशियन होते, मग अंधेरीच्या एका छोट्या कंपनीत लागले. डॉक्टरांनी लिहून दिलेलं श्वासाचं मशीन पेशंटच्या घरी न्यायचं, लावून दाखवायचं आणि त्याची समजूत काढायची, हे माझं काम. लावायला पाव तास पुरतो. समजूत काढायला कधी कधी महिना लागतो. आता निवृत्त झालेय, तरी सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणाला डुलकी लागली की माझे कान आपोआप टवकारतात.

घोरणं म्हणजे गाढ झोप, असं आपल्याकडे पक्कं ठरलेलं आहे. माझे वडील घाटकोपरच्या आमच्या चाळीत असे घोरायचे की शेजारचे म्हणायचे, वानखेडे नशीबवान, पडल्या पडल्या झोप लागते. ते दिवसभर पेंगायचे, सकाळी डोकं धरून उठायचे आणि एका पहाटे उठलेच नाहीत. का ते तेव्हा कुणालाच कळलं नाही, आजही मी छातीठोक सांगू शकत नाही. पण कुणी मशीन माळ्यावर टाकलं की माझा आवाज चढायचा, त्याचं मूळ तिथे असावं. असो. दिवाळीच्या अंकात एवढं पुरे.

तर बागेला पाणी घालायचा मऊ पाइप आठवा. नळ बंद केला की तो चपटा पडतो. काही माणसांचा घसा झोपेत तसा चपटा पडतो. हवा जायची थांबते, माणूस गुदमरतो, मेंदू दचकून त्याला उठवतो. तो एक जोराचा घुर्रका मारतो आणि पुन्हा झोपतो. रात्रभर हेच. सकाळी त्याला काही आठवत नाही, फक्त झोप झालेली नसते. मशीन काय करतं, तर नळ थोडा चालू ठेवतं. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीतून हवा, आणि त्या हवेच्या दाबानं घसा उघडा राहतो. ती साधी खोलीतलीच हवा. ऑक्सिजन नव्हे! हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा बोललेय की एकदा भाजीवाल्यालाही म्हणाले असते.

ह्या मशिनींचे मुख्य प्रकार तीन. सीपॅप म्हणजे रात्रभर एकच दाब, एकदा ठरवला की ठरवला. ऑटो सीपॅप जरा समजूतदार. घसा मिटतोय असं वाटलं की दाब वाढवतं, नाहीतर कमी ठेवतं. आणि बायपॅप म्हणजे झोपाळ्याला झोका देणारा माणूस. श्वास आत घेताना जास्त जोर, सोडताना कमी. ज्याला खूप दाब लागतो, किंवा ज्याची छाती लठ्ठपणानं नाहीतर फुप्फुसाच्या दुखण्यानं दमलेली असते, त्याला डॉक्टर हे देतात. कुणाला कुठलं, हे डॉक्टर तपासणी बघून ठरवतात. एवढं साधं आहे. पण 'कुठलं चांगलं?' असा प्रश्न एकदा पडला की माणसं गाड्यांच्या मॉडेलसारखी भांडतात.

गिऱ्हाइकं मात्र एकेक झकास. बोरिवलीच्या एका गुजराती काकींनी नवऱ्याच्या मशीनमध्ये हवा ओलसर ठेवायला असतो त्या पाण्याच्या डब्यात डिस्टिल्ड वॉटरऐवजी गुलाबपाणी घातलं. काका सकाळी शिंकत उठले आणि काकी मला म्हणाल्या, "पण बेन, सुगंध कित्ती छान!" अंधेरीला एका मालिकेत ऋषीचं काम करणारे नट होते. दाढी खरी, काँट्रॅक्टमुळे काढता येईना, आणि दाढीतून मास्कची हवा अशी शीळ घालत निघायची की शेजाऱ्यांना वाटायचं ह्यांनी कुकर लावलाय. त्यांना शेवटी फक्त नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क दिला. आणि घाटकोपरच्या एका आजी नवऱ्याचं घोरणं बंद झालं म्हणून रडत आल्या. "आवाजच नाही गं बाई. मी उठून उठून बघते, आहेत का गेले!"

पण सगळ्यांत मला आठवतात ते सावंत काका.

सावंत काका मूळ मालवणचे, वडील गिरणीत, स्वतः बोरिवलीत शाळेची बस चालवायचे. गोल चेहरा, आखूड मान, मनगटात कडं. एकदा दुपारी सिग्नलला गाडी उभी असताना त्यांचा डोळा लागला. सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजले, बसमधल्या ताईंनी हाक मारली तेव्हा जागे झाले. कुणाला काही झालं नाही. पोरांना तर गंमतच वाटली. पण सावंत काका दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाकडे गेले आणि म्हणाले, माझं काय ते कळेपर्यंत मी स्टेअरिंगला हात लावणार नाही. कुणी तक्रार केली नव्हती, कुणी विचारलंही नव्हतं.

तपासणीत कळलं की त्यांचा घसा रात्रभर मिटतो. डॉक्टरांनी बजावलं, मशीन लावा, नीट झोपा, मी सांगेन तेव्हाच गाडी. आधी साधं सीपॅप दिलं. ते त्यांना जमेना. पहिल्या दिवशी मी मास्क चढवला तर खाडकन काढून म्हणाले, "मॅडम, ह्यां काय ता! माका वादळात उभो केल्यासारख्या वाटता." मग डॉक्टरांनी ऑटो लिहून दिलं. ते हळू सुरू होतं, म्हणून रुचलं. आठवड्याभरात काकांचा चेहरा उजळला. त्यांची बायको मालती वहिनी फोनवर म्हणाली, "मॅडम, हे काल चहा पिताना बोलले माझ्याशी! किती वर्षांनी!"

आणि मग पूर्वाचं लग्न निघालं.

पूर्वा त्यांची एकुलती एक मुलगी, अंधेरीला एका ऑफिसात. तिथलाच निखिल मेश्राम तिनं स्वतः पसंत केलेला. सावंत मालवणचे मराठे, मेश्राम भंडाऱ्याकडचे बौद्ध, आता मुलुंडला. दोन्ही घरांत आधी जे व्हायचं ते झालं, ते मी उगाळत नाही. पोरं ठाम राहिली आणि शेवटी दोन्ही आईबाप एकदा समोरासमोर बसायला तयार झाले. तयार झाले म्हणजे एवढंच. मनं अजून दारातच उभी होती.

त्या गडबडीत काकांनी मशीन उचलून माळ्यावर टाकलं. मुलीचा बाप नळी लावून झोपतो हे कळलं तर काय म्हणतील? गाडी सोडल्याचंही त्यांना सांगायचं नाही ठरलं. 'स्वतःहून निवृत्ती घेतली' असं पूर्वानं घोकून ठेवलं होतं. मालती वहिनी बिचारी घाबरली. तिनं मला गुपचूप फोन केला, "मॅडम, रविवारी सकाळी या आणि ह्यांना जरा दम द्या. माझं ऐकत नाहीत." मी म्हटलं, येते. पुढे मेश्रामांची बैठक नेमकी त्याच रविवारी ठरली आणि मला कळवायचं वहिनीच्या डोक्यातून साफ गेलं.

मी बेल वाजवली. खांद्याला मोठी काळी बॅग, हातात मास्कची पिशवी. दार उघडलं तर समोर मालती वहिनी, नवी साडी, केसांत गजरा. मला बघून तिचा चेहरा पडला, तो मी आजही काढून दाखवू शकते. आत सोफ्यावर अनोळखी जोडपं. एक भरभक्कम गृहस्थ, जाड काचांचा चष्मा, शेजारी त्यांची सडपातळ, हसऱ्या चेहऱ्याची बायको. त्यांच्या बाजूला निखिल. आणि समोर खुर्चीत सावंत काका, डोळे लाल.

"या या," काका घाईनं म्हणाले. "ह्या आमच्या... मशीनवाल्या मॅडम."

वहिनीनं डोळे वटारले.

"म्हणजे शिलाई मशीनवाल्या!" काकांनी गाडी वळवली. "हिचं शिलाई मशीन बिघडलंय ना."

मला आयुष्यात सुईत धड दोरा ओवता येत नाही. पण मी काही बोलायच्या आत त्या हसऱ्या बाई पुढे सरकल्या. "अय्या, बरं झालं! बाई, माझं मशीन सारखा धागा तोडून राहिलंय. काय करू हो?"

"तेल घाला," मी म्हणाले.

"घातलं."

"मग... जास्त झालं असेल."

पूर्वा स्वयंपाकघरात पळाली. तिचे खांदे हलत होते, हसत होती की रडत होती कळेना. मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं, पोहे दिले, आणि बैठक पुढे सुरू झाली. गृहस्थ म्हणजे मेश्राम सर, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. बोलणं मोजकं. लग्न कसं करायचं, कुठे करायचं, एकेक प्रश्न ते ठेवायचे आणि उत्तराची वाट बघायचे. वातावरण असं ताठ की चमच्याचा आवाजही मोठा वाटावा.

"हॉलचं काय करू या?" मेश्राम सरांनी विचारलं.

सावंत काका काही बोलले नाहीत. विचार करत असतील असं सगळ्यांना वाटलं. मला नाही वाटलं. मला ती खाली झुकत जाणारी मान ओळखीची होती.

आणि काका घोरायला लागले.

साधं नाही, चढत्या भाजणीचं. सगळे गोठले. वहिनी चहाचा ट्रे धरून जागच्या जागी थांबली. घोरणं चढत गेलं, चढत गेलं आणि एकदम थांबलं. खोलीत श्वासाचाही आवाज नाही. मी स्टुलावरून उठणार एवढ्यात मेश्राम सरांनी हात वर केला. मान तिरकी करून, एखादा जाणकार तबला ऐकतो तसे ते ऐकत होते.

"थांबला," ते हळूच म्हणाले. "थांबला... आता येईल बघा."

घुर्रक! काकांनी सगळी खुर्ची हलवली, डोळे उघडले आणि ठासून म्हणाले, "हॉल बोरिवलीतच!"

कुणी हसावं की नाही, कळेना. मेश्राम सरांनी चष्मा काढून पुसला. मग माझ्या बॅगेकडे बघून विचारलं, "बाई, ही शिलाई मशीनची बॅग नाही. ह्यांना सीपॅप आहे का बायपॅप?"

मी काकांकडे बघितलं. काका जमिनीकडे.

"ऑटो," मी म्हणाले.

"मी बायपॅपवर आहे," मेश्राम सर म्हणाले. "तीन वर्षं झाली."

"अहो!" त्यांच्या मिसेस सुमनताई कपाळावर हात मारून घेत म्हणाल्या. "निघताना मी काय सांगितलं होतं? मशीनचा विषय काढू नका म्हणून!"

आधी पूर्वा फुटली. मग निखिल, मग वहिनी ट्रे खाली ठेवून पदर तोंडाला लावून, मग मी. सुमनताई हसता हसता मला म्हणाल्या, "म्हणजे माझ्या धाग्याचं तुमाले काहीच कळत नाही?" मी म्हटलं, अक्षरही नाही.

काका मात्र हसत नव्हते. त्यांनी घसा खाकरला. "सर, आता लपवून काय करू? मी निवृत्ती नाही घेतली. सिग्नलला माझा डोळा लागला. म्हणून गाडी सोडली."

"मालकानं काढलं?"

"नाय. मीच गेलंय सांगूक. गाडयेत पोरां होती, सर. लोकांची."

मेश्राम सरांनी त्यांना निरखून बघितलं. चित्राचा नमुना बघतात तसं. मग बायकोकडे वळून म्हणाले, "सुमन, पोहे घे आता. मघापासून नको म्हणते आहेस." सुमनताईंनी ताटली ओढून घेतली, आणि त्या घरात जे ताठरलेलं होतं ते एका क्षणात सैल झालं. लग्न ठरलं, असं कुणी तोंडानं म्हणालंच नाही.

म्हणणार कसं? दोघा बापांना वेळच नव्हता! निखिलला माळ्यावर चढवून मशीन खाली काढलं होतं.

"हे ऑटो होय?" मेश्राम सर ते उलटंपालटं करत म्हणाले. "छोटं आहे. माझ्यात दोन प्रेशर असतात. आत वेगळं, बाहेर वेगळं."

काकांचा चेहरा उतरला. "दोन? मॅडम, माका एकच कित्याक दिलास?"

"तुमचं आपोआप कमीजास्त होतं, काका."

"बघा!" काका सरांना म्हणाले. "आपोआप! तुमचा होता काय आपोआप?"

"माझ्यात अलार्म आहे."

"माझ्यात पाण्याचो डबो आसा!"

"तो माझ्यातही आहे."

शेवटी मी मध्ये पडले. म्हटलं, चष्म्याचा नंबर मोठा म्हणून कुणी मोठा माणूस होत नाही. ज्याला जे लागतं ते त्याचं चांगलं. दोघांनी माना डोलावल्या, आणि निघताना दारात मेश्राम सर काकांच्या कानात म्हणाले, "पण बायपॅप ते बायपॅपच."

काका त्या दिवसापासून एकही झोप मशीनशिवाय झोपले नाहीत. व्याह्यांना हरवायचं होतं ना! रोज सकाळी दोघांचे फोन. काल किती तास? मास्कमधून हवा किती गळली? पूर्वा म्हणायची, आमच्या लग्नाची तयारी आम्हीच करतोय, ह्यांची स्पर्धा चाललीय. काही महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा तपासून काकांना गाडी चालवायची परवानगी दिली. त्या दिवशी त्यांनी मला पेढे आणून दिले आणि पहिला पेढा माझ्या हातातल्या मशीनपुढे धरून मगच मला दिला.

लग्न बोरिवलीच्या हॉलमध्ये झालं. सकाळी बुद्धवंदना, मग हार, मग दोन्हीकडच्या बायकांची एकमेकींच्या साड्यांवर चर्चा. जेवायला वडे, काळ्या वाटाण्याची उसळ आणि सोलकढी. सुमनताईंच्या भंडाऱ्याच्या बहिणी सोलकढीला 'गुलाबी मठ्ठा' म्हणून तिसऱ्यांदा मागत होत्या. मी दुसऱ्या वड्याला हात घातला तेवढ्यात नवरी शालू वर धरून पळत आली.

"मॅडम, चला! बाबा आणि सासरे खोलीत भांडतायत!"

जेवण झाल्यावर दोघे व्याही वामकुक्षीला वरच्या खोलीत सटकले होते. मशिनी सोबत आणलेल्या, दोन्ही काळ्या बॅगांत. मी दार ढकललं तर दोघे गादीवर समोरासमोर बसलेले. सावंत काकांच्या तोंडावर नाकतोंड झाकणारा मोठा मास्क, गाल फुगलेले, डोळे बटाट्याएवढे. मेश्राम सरांच्या नाकावर छोटा मास्क, आणि ते रागानं मशीनवर चापट मारतायत.

"हे मेलंय! ह्यातून वाराच येत नाही!" सर बोलले आणि तोंड उघडल्याबरोबर हवा फुस्सकन बाहेर आली.

काका मास्कच्या आतून गुरगुरले, "माझा बिघडला! ह्यां माझ्या आधी श्वास घेता!"

पूर्वा मला धरून भिंतीला टेकली. मी हसत खालीच बसले, बोलताच येईना. त्यांच्या बॅगा बदलल्या होत्या! सरांना जोराच्या दाबाची सवय, त्यांना काकांचं हळू सुरू होणारं ऑटो मिळालेलं, म्हणून हवा कमी वाटत होती. आणि काकांना सरांचं बायपॅप, ते श्वासागणिक ढकलत होतं. मी दोघांचे मास्क काढले, पुसले, ज्याचं त्याला दिलं आणि दुसऱ्याचं मशीन वापरायचं नसतं म्हणून शाळेतल्या पोरांसारखं खडसावलं.

"पण कसं वाटलं बायपॅप?" सरांनी काकांना विचारलंच.

काकांनी आधी नाक चोळलं. मग म्हणाले, "सर, तुमी रोज ह्यां सोसतास? मानला तुमका!"

मेश्राम सर इतके खूश झाले की म्हणाले, "तुमचंही नाजूक आहे, पण गोड आहे."

खोलीत प्लग एकच होता. साउंडवाल्याकडून एक्स्टेन्शन आणलं. दोन्ही मशिनी सुरू झाल्या, बारीक सूं सूं, आणि दोघे व्याही पाठीला पाठ लावून बघता बघता झोपले. एक घोरणं नाही, एक दचकणं नाही. खाली गुरुजनांच्या पाया पडायचं राहिलं होतं, फोटोवाला ओरडत होता. पूर्वानं दाराबाहेर खुर्ची टाकली आणि शालूत तशीच पहाऱ्याला बसली. "कुणी उठवायचं नाही," ती म्हणाली. "लहानपणापासून बाबांना इतकं शांत झोपलेलं मी पाहिलंच नव्हतं." मग सगळं लग्न चहा पीत दोन बापांची झोप व्हायची वाट बघत बसलं.

संध्याकाळी पाठवणीला बस सांगितली होती. ड्रायव्हर आला, पण काका चढले आणि त्यांनी त्याला खांद्याला धरून बाजूच्या सीटवर बसवलं. "आज लेक माझी. गाडी मी नेतलंय."

पोचवायला दोन्हीकडची घरची मंडळी चढली. मला मुलुंडमार्गे घरी सोपं, म्हणून मीही चढले, काकांच्या मागच्याच सीटवर. घोडबंदर रस्त्याला लागलो तशी गाडी शांत होत गेली. पहाटेपासून राबलेलं लग्न ते. निखिलची मान पूर्वाच्या खांद्यावर, पूर्वाची खिडकीला. मेश्राम सर मिशीतल्या मिशीत हसत पेंगत होते. सोलकढी प्यायलेल्या बहिणी एकमेकींवर कलंडलेल्या. सांगितलेला ड्रायव्हरसुद्धा झोपला. जागे आम्ही दोघंच.

काकांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. चेहरा टवटवीत, डोळे स्वच्छ. "ऐकतास काय मॅडम?" ते कुजबुजले. "हेंच्यात तुमची गिरायकां किती?"

मी कान दिला. उजवीकडचं साधं घोरणं, सर्दीचं. त्याच्या मागचं दमल्याचं. पण अगदी शेवटच्या सीटवरून एक चढत्या भाजणीचं येत होतं. चढलं, चढलं आणि एकदम थांबलं. मी वळले, मान लांब करून पाहिलं. गजरा एका कानावर आलेला, तोंड उघडं, मालती वहिनी.

घुर्रक!

काकांनी आरशात बघितलं. नवऱ्याच्या घोरण्यानं इतकी वर्षं झोप नाही म्हणून सांगणारी बायको! त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले, पण हात स्टेअरिंगवर पक्के.

"आज तिका नका सांगू हां, मॅडम," ते म्हणाले. "आज तिच्या लेकीचा लग्न आसा. उद्या सकाळी या. बॅग घेऊन."